टीव्हीला जोडायचा बॉक्स निवडताना खासगीपणा कसा सांभाळावा

एका रात्री टीव्ही बंद करून झोपलो आणि सकाळी राउटरजवळ बसवलेल्या, जाहिराती आणि माग काढणारे पत्ते अडवणाऱ्या फिल्टरची नोंद उघडून पाहिली. बंद टीव्हीने रात्रभर कित्येक पत्त्यांशी संपर्क साधायचा प्रयत्न केला होता. काही पत्ते टीव्हीच्या कंपनीचे होते, काही जाहिरातींचे. मला धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. त्या टीव्हीवरचं एकही अ‍ॅप आम्ही वापरत नव्हतो. खासगीपणाचा विचार करूनच मी वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स आणला होता, सगळं त्याच्यावरच बघत होतो, आणि टीव्ही मात्र वायफायला जोडलेला तसाच राहिला होता. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असा तो प्रकार होता.

म्हणून हा लेख बॉक्सच्या नावांपासून सुरू होत नाही. आधी टीव्हीचं बघायचं, मग आपल्याला नेमकं काय पाहायचंय ते ठरवायचं, आणि मगच बॉक्स. हा क्रम उलटा केला तर चांगला बॉक्स आणूनही फारसं काही साधत नाही.

आपल्यावर नजर कुणाकुणाची असते

आपण संध्याकाळी एक सिनेमा लावतो तेव्हा त्याची नोंद निदान पाच जणांकडे होऊ शकते. टीव्ही बनवणारी कंपनी, बॉक्स बनवणारी कंपनी, ज्या सेवेवर सिनेमा आहे ती सेवा, त्या सेवेच्या अ‍ॅपमध्ये बसवलेले इतरांचे ट्रॅकर (आपण काय करतो त्याची नोंद ठेवणारे छोटे प्रोग्राम), आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी. या पाचांपैकी सेवेला आपण काय बघतो ते कळणारच, ते टाळता येत नाही. बाकीच्या चौघांना मात्र बऱ्यापैकी बाहेर ठेवता येतं. पुढच्या प्रत्येक पायरीवर यातलं एकेक नाव कमी करायचं आहे.

‘मी काय बघतो ते कळलं तर काय बिघडलं?’ असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना मी एक जुनी घटना सांगतो. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं गेलं होतं. त्या वेळी त्यांच्या घरच्यांनी भाड्याने नेलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी एका पत्रकाराने दुकानातून मिळवली आणि ती वर्तमानपत्रात छापून आली. यादीत आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं. तरीही लोकप्रतिनिधी इतके अस्वस्थ झाले की पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, व्हिडिओ भाड्याच्या नोंदी जाहीर करायला मनाई करणारा कायदा झाला. तेव्हा प्रश्न कॅसेटच्या एका यादीचा होता. आज टीव्हीवर आजारपणाविषयी, धर्माविषयी, राजकारणाविषयी आपण काय पाहिलं, किती वाजता पाहिलं आणि कुठे थांबवलं, इथपर्यंत नोंद होते. ही यादी एकट्याची नसते, अख्ख्या घराची असते, आणि त्यात मुलंही येतात.

पहिली पायरी: टीव्हीचं इंटरनेट तोडा

बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’, थोडक्यात एसीआर, नावाची यंत्रणा असते. पडद्यावर जे चित्र दिसतंय किंवा जो आवाज ऐकू येतोय त्याचे छोटे नमुने टीव्ही सतत घेतो, त्यांचा एक संक्षिप्त ठसा तयार करतो आणि कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे हजारो कार्यक्रमांचे ठसे आधीच साठवलेले असतात. जुळणी झाली की तुम्ही काय बघताय ते कळतं. हा नमुना पडद्यावरच्या चित्रातून घेतलेला असतो. त्यामुळे ते चित्र कुठून आलंय याने त्याला फरक पडत नाही. एचडीएमआयला जोडलेला बॉक्स, गेम कन्सोल, लॅपटॉप, काहीही चालतं.

यात अंदाजाचा भाग नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. १ कोटी १० लाख टीव्हींवरून, ग्राहकांची धड परवानगी न घेता, सेकंदासेकंदाची माहिती गोळा केल्याचा आरोप कंपनीवर होता. २०२४ मध्ये ब्रिटन, स्पेन आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमधून बाहेर जाणारा डेटा तपासला. एलजीचा टीव्ही साधारण दर १५ सेकंदांनी आणि सॅमसंगचा दर मिनिटाला एसीआरच्या सर्व्हरशी बोलत होता, आणि टीव्ही एचडीएमआयवर नुसता पडदा म्हणून वापरला तरी हे चालूच होतं. दिलासा देणारी गोष्टही त्याच अभ्यासात निघाली: सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतल्यावर ही वाहतूक खरोखर थांबली. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलनी सोनी, सॅमसंग, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल या पाच कंपन्यांवर याच मुद्द्यावरून दावे दाखल केले.

तर आता करायचं असं. टीव्ही अजून इंटरनेटवर असेल तर आधी एसीआर बंद करा. अडचण ही की कुठल्याच कंपनीने त्याला एसीआर म्हटलेलं नसतं. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ शोधा, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’, व्हिझिओमध्ये ‘व्ह्यूइंग डेटा’, सोनीच्या अनेक मॉडेलमध्ये ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’, आणि ज्या टीव्हीतच रोकू कंपनीची प्रणाली असते तिथे ‘स्मार्ट टीव्ही एक्स्पीरियन्स’खाली टीव्ही इनपुटची माहिती वापरण्याविषयीचा पर्याय. सोबत आवडीनुसार जाहिराती आणि आवाजाची ओळख या दोन गोष्टींची संमतीही काढून घ्या.

मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय नुसतं बंद करू नका. टीव्हीला ते ‘विसरायला’ लावा, म्हणजे साठवलेला पासवर्डही जातो. केबल लावलेली असेल तर काढा. टीव्ही पुन्हा आपणहून जोडला जातोय असं दिसलं तर राउटरमध्ये त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, अडवून टाका.

नवीन टीव्ही घेतला असेल तर काम अजून सोपं आहे. पहिल्यांदा चालू करताना नेटवर्कचा टप्पा ओलांडून पुढे जा आणि पासवर्ड देऊच नका. गूगल टीव्ही असलेल्या अनेक संचांमध्ये सुरुवातीलाच ‘बेसिक टीव्ही’चा पर्याय मिळतो, तो निवडा. इंटरनेट दिल्याशिवाय पुढेच जाऊ न देणारा टीव्ही मी ठेवणार नाही, परत करेन.

दोन शंका नेहमी येतात. पहिली अपडेटची. टीव्ही जर नुसता पडदा म्हणून वापरायचा असेल तर अपडेटची गरज क्वचित पडते. चित्रात किंवा आवाजात काही दोष असेल आणि कंपनीने त्यावर दुरुस्ती काढली असेल, तर बहुतेक ब्रँडच्या टीव्हींवर ती पेन ड्राइव्हमधून घालता येते. दुसरी शंका: एचडीएमआयच्या तारेतून टीव्ही बॉक्सचं इंटरनेट चोरून वापरेल का? २००९ च्या एचडीएमआय १.४ आवृत्तीत तारेतून इथरनेट नेण्याची सोय खरोखर होती. पण उत्पादकांनी ती जवळजवळ वापरलीच नाही. त्याची चिंता सोडून द्या.

दुसरी पायरी: तुम्हाला नेमकं काय पाहायचंय?

हा प्रश्न टाळून केलेली खरेदी फसते, कारण सगळ्यात जास्त खासगीपणा देणाऱ्या उपकरणांवर पैसे भरून घेतलेल्या सेवा धड चालत नाहीत. त्यामागे एक तांत्रिक कारण आहे. मोठ्या सेवा आपला मजकूर डीआरएमच्या, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या, कुलपात पाठवतात. गूगलच्या वाइडवाइन या कुलपाच्या पातळ्या असतात: एल१ म्हणजे उलगडण्याचं काम उपकरणाच्या चिपमधल्या सुरक्षित भागात होतं, एल३ म्हणजे ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये एल३च मिळतं, आणि एल३ दिसलं की बऱ्याच सेवा चित्राची प्रत खाली आणतात. तिथे ४के विसरायचं.

त्यामुळे स्वतःला विचारा. घरातली मंडळी मुख्यतः दोन-तीन सशुल्क सेवा बघतात आणि त्यांना स्वच्छ ४के हवंय का? मग तयार बॉक्सच घ्यावा लागेल आणि त्यातल्या त्यात बरा निवडावा लागेल. तुमच्याकडे स्वतःच्या सिनेमांच्या, गाण्यांच्या, घरगुती व्हिडिओंच्या फाइल आहेत का? मग लिनक्सचा छोटा संगणक फार उत्तम. आठवड्यातून एखादा कार्यक्रम, तोही मोफत संकेतस्थळावरचा, एवढंच पाहायचं असेल तर जुना लॅपटॉप आणि एचडीएमआयची तार पुरते. नवं काही घेऊच नका.

तिसरी पायरी: बॉक्सची पारख

बॉक्सच्या जाहिरातीत रॅम, रंग आणि आवाजाचे आकडे असतात. मी मात्र आधी हे बघतो की ही कंपनी बॉक्स विकून कमावते की बॉक्स विकल्यानंतर माझ्याकडून कमावते. ज्या कंपनीचं पोट होम स्क्रीनवरच्या जाहिरातींवर भरतं, तिला मी काय बघतो ते कळणं गरजेचंच असतं. ती आज एक सेटिंग देईल आणि पुढच्या अपडेटमध्ये दुसरीकडे हलवेल. ज्या कंपनीचा नफा बॉक्सच्या किमतीतच आहे, तिच्यावर हा दबाव कमी असतो. फार स्वस्त बॉक्स दिसला की ‘उरलेले पैसे कोण देतंय?’ हे विचारायचं.

त्यानंतरचे प्रश्न छोटे आहेत. अकाउंटशिवाय बॉक्स कितपत चालतो? जाहिरातीसाठीचा ओळख क्रमांक पुसता येतो का? एखाद्या अ‍ॅपला आपला माग काढायचा असेल तर आधी विचारावं लागतं का? रिमोटमधला माइक बटण दाबल्यावरच ऐकतो का? आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं येतात? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. अपडेट थांबलेला बॉक्स घरच्या नेटवर्कवर ठेवणं धोक्याचं असतं.

बाजारातले पर्याय, एकेक करून

*अ‍ॅपल टीव्ही ४के.* सशुल्क सेवा बघणाऱ्या घरासाठी आज मी हाच सुचवतो. यात एसीआर नाही. एप्रिल २०२१ मधल्या टीव्हीओएस (या बॉक्सची प्रणाली) १४.५ पासून कुठल्याही अ‍ॅपला इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये आणि संकेतस्थळांवर तुमचा माग काढायचा असेल तर तुमची परवानगी घ्यावी लागते. ‘नाही’ म्हटलं की जाहिरातीचा ओळख क्रमांक त्या अ‍ॅपला मिळत नाही. दरवेळी विचारलेलंही नको असेल तर सेटिंग्ज, जनरल, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग या वाटेने जाऊन अ‍ॅप्सना विचारण्याची मुभाच काढून टाका. तिथेच विश्लेषणाची माहिती अ‍ॅपलकडे पाठवणं बंद करा, लोकेशन बंद करा आणि आवाजी शोध वापरत नसाल तर सिरी बंद करा. अपडेटच्या बाबतीत अ‍ॅपलची कामगिरी खरंच चांगली आहे; २०१५ चा अ‍ॅपल टीव्ही एचडी दहा वर्षांनीही नवी टीव्हीओएस चालवत होता.

पण म्हणून अ‍ॅपल काहीच बघत नाही असं नाही. त्यातलं कंपनीचं स्वतःचं ‘टीव्ही’ नावाचं अ‍ॅप पाहण्याच्या इतिहासावर शिफारशी करतं. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या विभागात त्या अ‍ॅपखाली ‘यूज प्ले हिस्ट्री’ बंद करून ठेवा. होम स्क्रीनच्या वरच्या ओळीतून ते अ‍ॅप काढलं की त्याच्या जाहिरातीवजा झलकाही दिसत नाहीत. शिवाय परवानगी नाकारली तरी अ‍ॅपला तुमचा आयपी पत्ता (घरच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि लॉगिनचा ईमेल दिसतोच. दगडापेक्षा वीट मऊ, या न्यायाने हा पर्याय मी सुचवतोय.

*गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीचे बॉक्स.* इथे मालक स्वतःच जाहिरातींचा व्यवसाय करतो, हे धरून चालायचं. पण सेटिंगना वाव भरपूर आहे, आणि हेच या बॉक्सचं बलस्थान. सुरुवात करताना आपलं रोजचं गूगल अकाउंट देऊ नका; फक्त टीव्हीसाठी एक नवं काढा आणि त्यात वेब व अ‍ॅपची नोंद आणि यूट्यूबचा इतिहास, दोन्ही थांबवा. अकाउंटच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप्स ओन्ली मोड’ मिळतो. तो लावला की तुमच्या आवडीनुसार येणाऱ्या शिफारशींच्या रांगा जातात. वरची मोठी जाहिरातपट्टी मात्र राहू शकते. प्रायव्हसीच्या विभागात जाहिरातींचा ओळख क्रमांक पुसा, वापराची आणि बिघाडाची माहिती पाठवणं बंद करा, मग एकेका अ‍ॅपच्या परवानग्या तपासा. होम स्क्रीनच बदलायची असेल तर प्रोजेक्टिव्ही किंवा एफलाँचर यांसारखे लाँचर बसवता येतात. एनव्हिडियाचा शील्ड याच कुळातला. २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या शील्डलाही २०२५ मध्ये अपडेट मिळालं होतं, म्हणून या गटात दीर्घायुष्याच्या बाबतीत तो सगळ्यांच्या पुढे आहे.

*अ‍ॅमेझॉन फायर टीव्ही आणि रोकू.* दोन्ही स्वस्त, दोन्ही वापरायला सोपे, आणि दोन्ही मी खासगीपणासाठी सुचवणार नाही. २०१९ मध्ये प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांच्या संशोधकांनी या दोन मंचांवरची प्रत्येकी हजार चॅनेल, म्हणजे तिथली अ‍ॅप, तपासली. रोकूवरच्या ६९ टक्के आणि फायर टीव्हीवरच्या ८९ टक्के चॅनेलमध्ये ट्रॅकर सापडले. अभ्यास जुना झाला असला तरी व्यवसायाची रीत तीच आहे. रोकूचं बहुतेक उत्पन्न आज बॉक्सच्या विक्रीतून येत नाही, मंचावरच्या जाहिराती आणि वर्गणीतल्या वाट्यातून येतं.

घरात आधीपासून यातलं एखादं असेल तर लगेच फेकू नका. फायर टीव्हीमध्ये प्रेफरन्सेसखालच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये उपकरणाच्या वापराचा डेटा, अ‍ॅपच्या वापराचा डेटा आणि आवडीनुसार जाहिराती असे पर्याय आहेत. सगळे बंद करा. होम स्क्रीनवर आपोआप सुरू होणारे व्हिडिओही बंद होतात. रोकूमध्ये प्रायव्हसीखाली जाहिरातींचं वैयक्तिकीकरण बंद करा आणि चॅनेलना दिलेली माइकची परवानगी काढा. फायर टीव्हीची नवी स्टिक घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २०२५ पासून कंपनीने काही मॉडेलमध्ये अँड्रॉइडऐवजी स्वतःची वेगा प्रणाली आणली आहे. तिच्यावर बाहेरून अ‍ॅप घालता येत नाही, म्हणजे दुसरा लाँचर वगैरे मार्ग तिथे बंद.

*गेम कन्सोल.* आधीच असेल तर वापरा. केवळ टीव्ही बघण्यासाठी घेऊ नये. तिथेही अकाउंट आहे, वापराची नोंद आहे, आणि वीज जास्त लागते.

*लिनक्सचा छोटा संगणक.* माझ्या मनातला खरा पर्याय हाच. यात कुठलंही अकाउंट लागत नाही आणि कुणाची होम स्क्रीन तुमच्यावर लादली जात नाही. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा छोटा पीसी घ्यायचा, त्यावर लिबरइलेक बसवायचं. लिबरइलेक म्हणजे कोडी हा मीडिया प्लेअर चालवण्यापुरतीच बेतलेली लिनक्स. कोडीचा जन्म २००२ सालचा, गेम कन्सोलसाठी बनवलेला प्लेअर म्हणून. आजचं नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं. घरात फाइल एका जागी साठवून सगळ्या खोल्यांत बघायच्या असतील तर सोबत जेलीफिनचा सर्व्हर लावा. तो मुक्त सॉफ्टवेअर आहे, सगळं तुमच्याच यंत्रावर राहतं, कंपनीचं लॉगिन नाही. प्लेक्स दिसायला सुबक आहे, पण त्याला कंपनीचं अकाउंट लागतं, म्हणून इथे मी जेलीफिनकडेच झुकतो.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर नंतर हळहळ वाटते. एक, रिमोट. टीव्हीच्याच रिमोटने बॉक्स चालवायची सोय, म्हणजे एचडीएमआय सीईसी, रास्पबेरी पायवर छान चालते. बहुतेक छोट्या पीसींमध्ये ती नसते. तिथे वेगळा यूएसबी रिमोट किंवा छोटा बिनतारी कीबोर्ड लागतो. दोन, चिप कोणते व्हिडिओ सहज उलगडते. रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६५ या व्हिडिओ प्रकारासाठी चिपमध्येच खास सोय आहे, एच.२६४साठीची काढून टाकलेली आहे. ते काम प्रोसेसर करतो आणि साध्या एचडीला तो पुरून उरतो. तुमच्या फाइल कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहून ठरवा. कोडीमध्ये अधिकृत भांडाराबाहेरची ‘सगळं फुकट दाखवणारी’ अ‍ॅड-ऑन घालू नका. ती चोरीची असतात हे तर झालंच, पण तुमच्या संगणकावर ती काय करतात हे कुणी तपासलेलं नसतं.

हा बॉक्स मात्र घरात आणू नका

अनोळखी नावाचा, ‘आयुष्यभर सगळी चॅनेल मोफत’ असं सांगून विकला जाणारा अँड्रॉइड बॉक्स. इथे जाहिराती आणि ट्रॅकरच्या पलीकडचा धोका आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने ‘व्हॉइड’ हा घातक प्रोग्राम १९७ देशांतल्या सुमारे १३ लाख अँड्रॉइड बॉक्समध्ये सापडल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराचा दुसरा प्रकार ‘बॅडबॉक्स २.०’. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्याविषयी लोकांना जाहीर इशारा दिला आणि जुलैमध्ये गूगलने ते चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कमध्ये दावा दाखल केला; गूगलच्या म्हणण्यानुसार १ कोटीहून जास्त उपकरणं त्याच्या जाळ्यात होती.

या प्रकारात कितीतरी बॉक्स खोक्यातून निघतानाच बाधित असतात, काही पहिल्या जोडणीच्या वेळी अनधिकृत अ‍ॅप घालताना होतात. मग तो बॉक्स तुमच्या घरच्या इंटरनेटमधून परक्यांची वाहतूक बाहेर काढतो. कुणीतरी कुठेतरी फसवणूक करतं आणि आयपी पत्ता दिसतो तुमच्या घराचा. वर तो बॉक्स तुमच्याच नेटवर्कवर बसलेला असतो, म्हणजे घरचा भेदी. फॅक्टरी रीसेट करून हे जातच असं नाही, कारण बिघाड मूळ फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणात आधीच भरलेल्या प्रणालीत, असतो. खूण ओळखायची तर बॉक्सवर गूगलच्या सुरक्षा तपासणीचं ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणपत्र आहे का ते बघा. सुरुवातीलाच ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ किंवा ‘आमच्या दुकानातूनच अ‍ॅप घ्या’ अशी सूचना आली तर तिथल्या तिथे तार काढा.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं

नवा बॉक्स घरी आला की सगळ्यांना लगेच काहीतरी बघायचं असतं आणि त्या घाईत आपण समोर येईल तिथे ‘मान्य’ दाबत सुटतो. एक तास मागून घ्या. नंतर सेटिंग शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं.

वापरलेला बॉक्स असेल तर आधी फॅक्टरी रीसेट. मग अकाउंटसाठी वेगळा ईमेल, किंवा तुमची ईमेल सेवा टोपणपत्ते देत असेल तर त्यातला एक, प्रत्येक सेवेला निराळा. हे का, तर आजकाल जाहिरात कंपन्या माणूस जुळवायला ईमेलचाच सांकेतिक ठसा वापरतात. सगळीकडे एकच पत्ता दिला तर टीव्हीवरची यादी आणि फोनवरची खरेदी एका नावाखाली जाते. उपकरणाला ‘अमक्याचा बेडरूम टीव्ही’ असं नाव देऊ नका, नुसतं ‘बॉक्स’ पुरे. फोनच्या मदतीने झटपट जोडणी सुचवली जाते, ती सोयीची आहे, पण त्यात फोनवरचं रोजचं अकाउंट आपोआप बॉक्सवर येतं. थोडा वेळ लागला तरी रिमोटनेच करा.

राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल तर बॉक्स तिथे जोडा. त्याला घरातले संगणक, प्रिंटर, फोन दिसत नाहीत. मात्र मग फोनवरून टीव्हीवर कास्ट करणं बहुधा चालणार नाही आणि घरच्या सर्व्हरवरच्या फाइलही दिसणार नाहीत. ज्या घरात कास्टिंग रोजचं आहे तिथे या एका गोष्टीवरून भांडण नको. मुख्य नेटवर्कवर ठेवा.

अ‍ॅप मोजकीच घाला. एखाद्या सेवेची जाहिरातींसह आणि जाहिरातींविना अशी दोन रूपं असतील आणि परवडत असेल, तर जाहिरातींविना घ्या. जाहिरात दाखवायची म्हटलं की ती कुणाला दाखवायची हे ठरवायला माहिती इकडून तिकडे जातेच. प्रत्येक सेवेच्या अकाउंटमध्ये, शक्यतो संगणकावरून, खासगीपणाचा विभाग उघडून जाहिरातींसाठी माहिती वापरायची संमती काढा. मुलांसाठी मुलांचीच प्रोफाइल करा आणि तिच्यावर खरं नाव, खरी जन्मतारीख टाकू नका.

फिल्टर आणि व्हीपीएन

पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम हे घरच्या छोट्या संगणकावर चालणारे डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) फिल्टर. एखादं उपकरण ‘या पत्त्यावर कसं जायचं?’ असं विचारतं तेव्हा फिल्टर माहीत असलेल्या जाहिरातदारांचे आणि ट्रॅकरचे पत्ते देतच नाही. बॉक्समधली बरीच गळती इथे बंद होते आणि, मला तर हे जास्त मोलाचं वाटतं, कोण कुणाला हाक मारतंय ते डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला सांगितलेली माझ्या टीव्हीची रात्र मला याच नोंदीतून कळली.

याच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. काही उपकरणं राउटरने दिलेला डीएनएस न वापरता गूगलच्या ८.८.८.८ सारख्या ठरवून ठेवलेल्या पत्त्याला थेट विचारतात. राउटरवर ५३ क्रमांकाच्या पोर्टची वाहतूक फिल्टरकडे वळवली तर तेही हाती येतं. प्रश्न एनक्रिप्शनमध्ये गुंडाळून पाठवला असेल तर मात्र तो सहज ओळखू येत नाही. आणि जाहिरात व व्हिडिओ एकाच पत्त्यावरून येत असतील, जसं यूट्यूबवर होतं, तर फिल्टरला दोन्हींत फरक करता येत नाही. कडक यादी लावली तर एखादं अ‍ॅप उघडायचं थांबतं. तेव्हा आधी साध्या यादीने आठवडाभर चालवा, नोंद बघा आणि मग एकेक पत्ता वाढवा. घरातल्या ज्येष्ठांना काही अडलं तर फिल्टर पाच मिनिटं थांबवायचा कसा, तेही दाखवून ठेवा.

व्हीपीएन, म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा, याविषयी मोठा गैरसमज आहे. व्हीपीएन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून वाहतूक झाकतो आणि सेवेपासून तुमचा खरा आयपी पत्ता. बॉक्सच्या कंपनीपासून किंवा लॉगिन केलेल्या अ‍ॅपपासून तुम्ही काय बघता ते तो लपवत नाही, कारण ती मंडळी व्हीपीएनच्या आत, तुमच्याच बाजूला बसलेली असतात. शिवाय व्हीपीएन दिसला की काही सेवा चित्रच दाखवत नाहीत. टीव्हीसाठी मी तो शेवटचा विचार मानतो.

नंतरची देखभाल

मोठं अपडेट आलं की सेटिंगची फेरी पुन्हा मारा. नवी सोय आली की तिची संमती अनेकदा ‘चालू’ अवस्थेतच येते, आणि कधी अटी बदलल्या म्हणून एक नवा पडदा येतो, जो घरातलं कुणीतरी घाईत मान्य करून टाकतं. दर तीन-चार महिन्यांनी फिल्टरची नोंद उघडा आणि टीव्हीचं नाव तिथे दिसत नाही ना ते पाहा. पाहुणे आले असताना कुणी टीव्हीला पुन्हा वायफाय दिलेलं असू शकतं. आमच्याकडे झालं आहे.

बॉक्स जुना होऊन कुणाला द्यायचा किंवा टाकायचा असेल तर आधी प्रत्येक अ‍ॅपमधून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, आणि त्यानंतर संगणकावरून प्रत्येक सेवेच्या अकाउंटमधल्या उपकरणांच्या यादीतून त्याचं नाव काढा. बॉक्स बिघडून चालूच होत नसेल तर पहिल्या दोन गोष्टी करता येत नाहीत, पण तिसरी करता येते. ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडा आणि पासवर्ड बदला.